सूर्यफुलामागचं पीक

ज्वारीच्या रानात सूर्यफूल घ्यायचं, यावर माझं मन पक्कं आहे. अडतं ते त्याच्या पुढच्या पिकावर. पुढच्या हंगामाची आखणी करताना आजही तिथेच घोटाळत बसलो.

सूर्यफूल कोरडवाहूत तगतं ते सोटमुळाच्या जोरावर. खोल जमिनीत हे मूळ दीड-दोन मीटरपर्यंत उतरतं आणि उथळ मुळांच्या पिकांना न गवसलेली ओल नि खाली झिरपलेला नत्र वर ओढतं. म्हणून ते कमी पाण्याचं पीक आहे, असं ऐकलं की मला राहवत नाही. पाणी ते चांगलंच पितं, फक्त खालचं पितं! हातभरावर मुरूम लागणाऱ्या रानात त्याची ही करामत चालत नाही. आणि काढणीनंतर तो खालचा थर ठणठणीत कोरडा राहतो, त्याचा हिशेब पुढच्या पिकाला चुकवावा लागतो.

हरभरा लगेच घ्यायचा मोह होतो. द्विदल, जमिनीला नत्र देणारा. पण तोही साठलेल्या ओलीवरच वाढतो. शिवाय स्क्लेरोटिनिया ही बुरशी दोघांवरही येते. उंदराच्या लेंड्यांसारखे तिचे काळे गोळे मातीत काही वर्षं जिवंत राहतात. करडईचंही तेच, तिचं मूळही खोल जातं. तेव्हा हे दोन्ही बाद. चांगला पाऊस होऊन ओल खाली उतरेपर्यंत रान पड ठेवायचं, नंतर तृणधान्य. पावसानंतर लोखंडी सळई टोचून पाहतो. ती कोरड्या थराला अडते, तेवढाच आपला साठा.

त्याच रानात सूर्यफूल पुन्हा तीन-चार वर्षांनीच. पानांवरचा केवडा रोग तर मातीत त्याहून जास्त टिकतो, त्यामुळे त्याला नुसती फेरपालट पुरत नाही, प्रतिकारक वाणही लागतो. धसकटं उभीच ठेवतो. त्यांच्यावर करपा रोग मागे राहतो हे खरं, पण सूर्यफुलाचा पालापाचोळा थोडा, जमीन उघडी पडते आणि वारा माती नेतो. पुढचं पीक तृणधान्य असेल तर त्या करप्याचं मला फारसं भय नाही.

मात्र सांडलेल्या बियांची रोपं दया न दाखवता उपटायची. तृणधान्यात चार पिवळी फुलं डोलताना छान दिसतात, पण रोगाला तेवढीही पुरतात.