मेंडोटाची थाळी आणि लातूरच्या विहिरी

उन्हाळा लागला की इथे अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला मेंडोटा तळ्यावर पदवीची पोरं-पोरी बोटी काढतात. हातात खुणा केलेली दोरी, टोकाला वीस सेंटिमीटरची काळी-पांढरी थाळी. हिला सेकी डिस्क म्हणतात. बोटीच्या सावलीच्या बाजूने ती पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण बघायची, मग हळूहळू वर ओढायची आणि पुन्हा दिसली की दुसरी खूण. दोन्हींची सरासरी काढली की पाणी किती नितळ ते कळतं. गॉगल लावून आलेल्याला आधी तो काढायला लावतात. आंजेलो सेकी या इटालियन धर्मगुरूने १८६५ मध्ये वापरलेली ही युक्ती आजही चालते.

मराठवाड्यातून आलेल्या माणसाला हे बघून पहिल्यांदा हसूच येतं. अमेरिकेतलं संशोधन म्हणून काय काय ऐकून यावं, आणि बघावं तर थाळी-दोरी!

पण २००९ मध्ये अशाच पदवीच्या वर्गाने या तळ्यात जाळी ओढली, तर त्यात लांब काटेरी शेपटीचा एक परका जीव निघाला. मूळचा युरोप-आशियाकडचा, नाव स्पायनी वॉटर फ्ली. तो डॅफ्निया नावाच्या बारीक जिवांवर जगतो, आणि डॅफ्निया जगतात शेवाळावर. डॅफ्निया घटले, शेवाळ माजलं, पाण्याचा नितळपणा जवळजवळ एक मीटरने उतरला. हा एक मीटर कळला तो थाळीमुळेच, कारण आधीच्या कित्येक वर्षांची मापं वह्यांत होती. या तळ्यावर बर्फ कधी धरलं, कधी फुटलं याची नोंद तर १८५० च्या दशकापासून आहे.

पैसा आहेच, नाही कशाला म्हणू? अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या योजनेतून दुसऱ्या कॉलेजांतल्या मुलांनाही विद्यावेतन देऊन उन्हाळ्यात बोलावतात. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो प्रश्नाचा आकार. ‘हवामान बदल’ असा विषय घेऊन कुणी आलंच, तर पहिला सवाल येतो : मोजणार काय?

लातूरहून भाच्याने विचारलं, "मामा, बी.एस्सी.च्या प्रोजेक्टला एखादा भारी टॉपिक सांगा की." त्याच्या मनात होतं ‘ग्लोबल वॉर्मिंग आणि मराठवाडा’. म्हणजे नेटवरचे फोटो, स्पायरल बायंडिंग, सबमिशन, झालं. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या गावचा पोरगा हा! मी म्हटलं, गावातल्या दहा विहिरी धर आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पाणी किती फुटांवर आहे ते मोज. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक विहिरींचं माप वर्षातून चार वेळा घेते. तू दर महिन्याला घे.

"एवढंच? मार्क पडतील का?"

पडतील, न पडतील. पण टेप दर वेळी कठड्याच्या त्याच दगडापासून सोडायचा, त्यावर रंगाची खूण करायची. आणि मोटार चालू असताना मोजायचं नाही, कारण उपसा चालू असला की पाणी खाली गेलेलं असतं आणि बंद झाल्यावरही ते वर यायला वेळ लागतो. शेतीच्या लाइटीची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची, म्हणून आदल्या रात्री मोटार किती वाजेपर्यंत चालली हे मालकाला विचारून त्याच वहीत लिहायला सांगितलंय.