करमळी ते ब्रह्माकरमळी: सायकलवरून तीन दिवस

गोव्यात करमळी नावाची दोन गावे आहेत. एक तिसवाडी तालुक्यात, जुन्या गोव्याच्या कुशीत, जिथे कोकण रेल्वेचे स्थानक आहे. दुसरे सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पलीकडे डोंगरांच्या पायथ्याशी, ज्याला लोक ब्रह्माकरमळी म्हणतात. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यास सुरुवात झाली. त्या शतकात पहिल्या करमळीच्या लोकांनी आपल्या ब्रह्मदेवाची मूर्ती उचलली, पोर्तुगीज सत्तेच्या हद्दीबाहेर नेली आणि जिथे तिची स्थापना केली त्या जागेलाही आपल्या गावाचेच नाव दिले. एका गावाचे नाव असे डोंगराकडे चालत गेले आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. परंतु त्या दोन गावांमधले अंतर स्वतःच्या पायांनी कापून पाहावे, हे मात्र गेल्या डिसेंबरपर्यंत जमले नव्हते.

मी फोंड्याचा. बरोबर माझा भाचा होता, जो पुण्याला शिकतो आणि सुट्टीत आला होता. माझ्या सायकलीला ३५ मिलिमीटरचे टायर होते, त्याच्या सायकलीला २८ चे. हा फरक आधी सांगून ठेवतो, कारण पुढे तो महत्त्वाचा ठरला.

सकाळी पावणेसातला, नुकते उजाडताना, आम्ही करमळी स्थानकावरून निघालो. बाजूच्या तळ्यावर धुके होते आणि रस्त्यावर सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराशिवाय कोणीही नव्हते. जुन्या गोव्याची चर्चे पाहण्यासाठी स्वतंत्र दिवस ठेवावा. सायकलस्वाराने व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ धक्क्यावर उतरावे आणि दिवाड बेटाची फेरीबोट पकडावी. फेरीच्या उतारावर सायकलवरून उतरू नये. तो उतार कायम ओला असतो, लोखंडी फळीवर शेवाळ धरलेले असते आणि मागे मोटारींची घाई असते. आमच्या डोळ्यांदेखत एक स्कूटरवाला तिथे आडवा झाला.

दिवाड बेट म्हणजे या सगळ्या प्रवासातला सर्वांत सपाट आणि सर्वांत शांत टप्पा. दोन्ही बाजूंना बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या खाजन जमिनी, बांधांवर बगळे, आणि मधोमध पिएदादची टेकडी. टेकडीवरच्या चर्चशेजारी दफनभूमीत एक लहान कपेला, म्हणजे प्रार्थनागृह, आहे, तिच्यात कदंबकालीन देवळाचा अवशेष टिकून राहिला आहे. तो पाहण्यासाठी चढ चढणे योग्यच; मात्र तिथे प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबावे. बेटाच्या उत्तरेकडच्या टोकाला दुसरी फेरीबोट मिळते, ती नार्व्याला उतरवते. हिच्या फेऱ्या जुन्या गोव्याच्या बाजूपेक्षा कमी असतात, म्हणून वेळ आदल्या दिवशीच विचारून घ्यावी. आम्हाला अर्धा तास धक्क्यावर बसावे लागले, तो अर्धा तास पोदेराकडून घेतलेल्या गरम कांकणांवर, म्हणजे कड्याच्या आकाराच्या पावांवर, गेला. त्याच्या सायकलीच्या मागे बांबूची मोठी टोपली, टोपलीवर निळे प्लास्टिक, प्लास्टिकखाली गोणपाट आणि गोणपाटाखाली पाव; हॅन्डलला रबरी भोंगा. प्लास्टिक उचलल्याबरोबर जी ऊब आणि भाजलेल्या पिठाचा वास येतो, त्यापुढे सायकलस्वारांसाठी विकत मिळणाऱ्या कोणत्याही पौष्टिक वडीची गरज उरत नाही.

नार्व्याचा सप्तकोटेश्वर हाही मुळात दिवाडीचाच देव. गोव्याच्या कदंब राजांचे हे आराध्यदैवत. ते आपल्या बिरुदांत ‘सप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’ असे अभिमानाने लिहीत. बेटावरचे देऊळ पोर्तुगीजांनी पाडल्यावर लिंग नदीपार आणले गेले, आणि पुढे छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्याच्यासाठी मंदिर बांधायला घेतले. दारावरच्या शिलालेखात शके १५९० कोरलेले आहे. धक्क्यापासून वाट आधी थोडी वर चढते आणि मग झाडीत उतरते. देऊळ इतके खोलात, माडांच्या आणि पोफळींच्या आड आहे की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. भव्यतेची अपेक्षा ठेवून येणारा निराश होईल. दीपस्तंभ, कौलारू उतरते छप्पर, त्यावर बुटका घुमट, आणि आत पैलू पाडलेले धारालिंग, एवढेच इथे आहे. मला मात्र हे देऊळ गोव्यातल्या कोणत्याही श्रीमंत देवस्थानापेक्षा अधिक जवळचे वाटते. जी नदी ओलांडून देव आला तीच नदी आपण नुकतीच त्याच दिशेने ओलांडलेली असते, आणि पायातले बूट काढताना ते पाणी अजून मोज्यांत असते. राज्य सरकारने केलेल्या जीर्णोद्धारानंतर २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले आहे, आणि आवारात पिण्याच्या पाण्याची सोय आहे.

नार्व्याहून मये, मयेहून डिचोली आणि डिचोलीहून साखळी असा पुढचा मार्ग. मयेच्या तळ्याच्या आधीचा चढ हा पहिल्या दिवसाचा खरा चढ आहे. इथले चढ घाटमाथ्याकडच्यासारखे लांब नसतात, ते तुटक आणि उभे असतात: तीनशे-चारशे मीटर दम काढतात, लगेच उतरतात आणि पुन्हा उभे राहतात. त्यामुळे पुढच्या लहान चकतीला ३४ दाते असतील तर मागची मोठी चकती किमान ३२ दात्यांची असावी, नाही तर गुडघे बोलू लागतात. डिचोली ते साखळी हा खाणींचा टापू. खाणी चालू आहेत की बंद, यावर इथली वाहतूक अवलंबून असते. २०१२ मध्ये त्या पहिल्यांदा थांबल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा. निघण्यापूर्वी डिचोलीतल्या कोणत्याही चहाच्या टपरीवर ‘ट्रक सुरू आहेत का’ एवढे विचारावे. सुरू असतील तर हा टप्पा रविवारी करावा.

साखळीच्या अलीकडे हरवळ्याला वळावेच. जांभ्याच्या खडकात कोरलेली लेणी, त्यांच्या दालनांतली लिंगे, आणि थोडे पुढे रुद्रेश्वराच्या देवळाशेजारी कोसळणारा धबधबा. लेणी सहाव्या शतकाच्या आसपासची मानली जातात, गावकरी ती पांडवांची म्हणून दाखवतात. धबधब्याच्या डोहात उतरू नये. इथे माणसे बुडाली आहेत. साखळी ते वाळपई हा रस्ता रुंद आणि वाहता आहे, त्यात सांगण्यासारखे काही नाही. पहिल्या दिवसाचे अंतर फेरी वगळून चाळीस किलोमीटरच्या आसपास भरते. वाळपईला राहण्याची साधी सोय होते, एटीएम आहे आणि सायकलीची पंक्चर काढणारी माणसे आहेत. यापुढे या तिन्ही गोष्टींची खात्री धरू नये.

दुसरा दिवस मी मुद्दाम लहान ठेवला होता, पंचवीस किलोमीटरच्या आतला. ज्यांना रोज शंभर किलोमीटरचा आकडा गाठल्याशिवाय चैन पडत नाही त्यांना हे पटणार नाही, पण सत्तरीतल्या आतल्या रस्त्यांवर घाई करणे म्हणजे ते रस्ते वाया घालवणे होय. आधी आम्ही जवळच्या नाणूसच्या किल्ल्याकडे गेलो. किल्ला म्हणावे असे आता थोडेच उरले आहे. २६ जानेवारी १८५२ रोजी दीपाजी राणे यांनी याच किल्ल्याचा ताबा घेऊन पोर्तुगीजांविरुद्ध बंड उभारले, आणि ते १८५५ मध्ये समेट होईपर्यंत चालले. नंतर १८९५ मध्ये आफ्रिकेत, मोझांबिकला जाण्यास नकार देणाऱ्या मराठा शिपायांनी बंड केले, तेव्हाही त्यांना आश्रय आणि नेतृत्व सत्तरीच्या राणे घराण्यानेच दिले. एवढ्या लहान प्रदेशात पुन्हा पुन्हा उठाव का झाले, याचे निम्मे उत्तर सायकलवर बसल्यावर कळते: प्रत्येक वळणामागे दुसरा डोंगर, प्रत्येक डोंगरामागे ओढा, आणि पाच किलोमीटरवरचा माणूस दिसत नाही की ऐकू येत नाही.

तिथून नगरगावच्या बाजूने ब्रह्माकरमळीकडे जाणारी वाट ही या सबंध प्रवासाचे सार्थक आहे. काजूच्या उतारांमधून रस्ता खाली कुळागरांत, म्हणजे पोफळीच्या बागायतींत, शिरतो, आणि एकाएकी हवा तीन-चार अंशांनी गार होते. वर पोफळींची छत्री, त्यांच्यावर चढलेल्या मिरवेली, खाली केळी आणि अननस, आणि रस्त्याला लागून वाहणारा पाट. याच सावलीत आमचा एकमेव अपघात झाला. पाटाचे पाणी वळणावर रस्त्यावर आले होते, त्यावर पोफळीची झावळी पडून कुजली होती, आणि भाच्याचे २८ चे टायर त्यावरून सरळ घसरले. कोपर आणि मांडी सोलवटली, हॅन्डल वाकडे झाले. कुळागरात शिंपण करणारे एक आजोबा हातातले काम टाकून आले. त्यांनी पाटाच्या पाण्याने जखम स्वतः धुतली, मातीचा एकेक कण निघेपर्यंत धुतली, आणि मग मला म्हणाले, ‘‘भाऊ, हांगा सावळेंत सायकल हातांत धरची.’’ सावलीत सायकल हातात धरावी, हा या मार्गावरचा सर्वांत मोलाचा सल्ला मी त्यांच्याच शब्दांत इथे देत आहे. जांभ्याची लाल भुकटी, ओली पाने आणि उतार हे तिन्ही एकत्र आले की डिस्क ब्रेकही उपयोगी पडत नाहीत, कारण दोष ब्रेकचा नसतो, टायर जमिनीला धरतच नाही. टायर ३२ मिलिमीटरपेक्षा कमी नसावेत आणि हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवावी. ज्यांच्या सायकलीला रिमवर घासणारे ब्रेक आहेत त्यांनी रोज संध्याकाळी रिम आणि रबर ओल्या फडक्याने पुसावेत. जांभ्याचे कण रबरात रुतून रिम खरवडतात.

ब्रह्मदेवाच्या देवळात आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. मूर्ती काळ्या पाषाणाची, उभी, चतुर्मुख, मधल्या मुखाला दाढी, दोन्ही बाजूंना सावित्री आणि सरस्वती. ती कदंब काळातली आहे. मी तिच्याकडे पाहत राहिलो तो तिच्या आकारामुळे. ही काही पदराखाली झाकून न्यावी अशी मूर्ती नाही, माणसाच्या उंचीचा दगड आहे. होडीतून, खांद्यावरून, बैलगाडीतून, जसे जमेल तसे तो कोणीतरी इथवर आणला, आणि ज्या चढांवर आम्ही गिअर बदलूनही धापा टाकत होतो तेच चढ त्यांनी हा भार घेऊन चढले. भाच्याने बँडेज बांधलेला हात जोडला आणि हळूच विचारले, ‘‘मामा, परत नाही न्यावीशी वाटली कुणाला?’’ मला उत्तर सुचले नाही. देऊळ दुपारी बंद होण्याची शक्यता असते, म्हणून अकराच्या आत पोहोचावे. सायकलचे आखूड कपडे चालत नाहीत, तेव्हा एक लुंगी किंवा पातळ पायजमा पिशवीत असू द्यावा.

अनेकांना इथून चोर्ला घाटाचा मोह होतो. साखळी, पर्ये, केरी आणि अंजुणे धरणाच्या काठापर्यंत अवश्य जावे, तिथवरचा रस्ता सुरेख आहे. त्यापुढे मात्र बेळगावची वाहतूक आहे, अवजड वाहने वळणावर रस्ता कापतात आणि कडेला चाकभर जागा उरत नाही. घाट चढायचाच असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, उजाडताच, मागे लाल दिवा लावून चढावा आणि नऊच्या आत उतरावे.

तिसऱ्या दिवशी आम्ही उसगावमार्गे महामार्गाला लागलो आणि धारबांदोड्याच्या पुढे तो सोडून साकोर्ड्याच्या बाजूने तांबडी सुर्ल्याला गेलो. अंतर साधारण पन्नास किलोमीटर. महामार्गाचा टप्पा कंटाळवाणा आहे, तो सकाळी लवकर उरकावा. आतला रस्ता भगवान महावीर अभयारण्याच्या कडेने जंगलात शिरतो आणि रगाडा नदीच्या काठी महादेवाच्या देवळाशी संपतो. बाराव्या-तेराव्या शतकातले, बेसाल्टच्या काळ्या दगडाचे हे देऊळ जंगलाने झाकून ठेवले म्हणून जागचे हलले नाही. दोन दिवस विस्थापित देवांच्या मागे फिरल्यावर, आपल्या मूळ जागीच उभा असलेला हा देव पाहताना मन भरून येते. मंडपातल्या खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती कोरला आहे. तो शोधायला वाकावे लागते, आणि छतावरचे कमळ पाहायला मान मागे टाकावी लागते. इथे उपाहारगृहाची आशा धरू नये. दोन लिटर पाणी आणि डबा महामार्गावरूनच घ्यावा.

मोबाइलला नगरगावच्या पुढे आणि तांबडी सुर्ल्याच्या रस्त्यावर रेंज भरवशाची नसते, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा, आणि फाट्यावर शंका आली तर नकाशापेक्षा शाळेतून परतणाऱ्या मुलांना विचारावे. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, हा मार्ग सायकलीसाठी नाही. ऑक्टोबरमध्ये मोऱ्यांवर शेवाळ असते. मार्चनंतर अकरा वाजताच अंग भाजते. नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हाच काळ. तांबडी सुर्ल्याहून मोलेला मुक्कामाला जाणाऱ्यांनी दुपारी तीनच्या आत निघावे. संध्याकाळी गवे पाण्यासाठी रस्ता ओलांडतात, कळपाने आणि अगदी सावकाश. गवा दिसला तर थांबावे, सायकलीवरून उतरावे, घंटी वाजवू नये, आणि शेवटचे वासरू झाडीत शिरेपर्यंत तिथेच उभे राहावे. आम्ही वीस मिनिटे उभे होतो.