सोवळ्यातला ब्रेक

पावसाच्या तोंडावर आमच्या घरी लोखंडाला तेल लावतात. कोयती, विळी, अडकित्ता, कुदळ, दारांच्या कड्या, सगळ्यांवरून खोबरेलात बुडवलेलं फडकं फिरतं. रत्नागिरीत चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि उरलेले आठ महिने खारा वारा. तेल न लागलेलं लोखंड म्हणजे गंजाला आवतण. त्यामुळे गेल्या मे महिन्यात आईने पडवीतल्या माझ्या ग्रॅव्हल बाइकच्या, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणाऱ्या सायकलच्या, ब्रेकच्या दोन्ही चकत्यांवरूनही ते फडकं मायेने फिरवलं, यात तिचं काही चुकलं असं मला आजही म्हणवत नाही.

मी खळ्यातून उतारावर निघालो, दोन्ही लिव्हर दाबले, आणि सायकल थेट गडग्यापाशी जाऊन थांबली. थांबवली ती गडग्याने.

डिस्क ब्रेक हे कोकणातल्या सगळ्या रीतीभातींच्या उलट्या स्वभावाचं यंत्र आहे. चेनला तेल हवं, हबला ग्रीस हवं, आणि या दोघांपासून वीतभर अंतरावर बसलेल्या चकतीला मात्र बोटाचा घामसुद्धा चालत नाही. चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटून चाक थांबवणारे पॅड सच्छिद्र असतात, तेल आत मुरतं. घासून, भाजून ते शुद्ध करायचे उपाय लोक सांगतात. मी सगळे करून पाहिले आणि शेवटी पॅड टाकून दिले. चकती तेवढी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाचली. मुळात ती स्टेनलेस स्टीलची, तिला तेलाची गरज नव्हतीच. पण हे आईला कोणी सांगितलं होतं?

आता विचाराल, एवढं सोवळं पाळायचं कशाला, चाकाच्या रिमवर दाबणारे जुने ब्रेक काय वाईट होते? काही नाही, पण त्यांच्याबरोबर जांभ्याच्या लाल मातीत पावसाळा काढून बघा. पाणी नि रेव मिसळून पॉलिश पेपर तयार होतो आणि दर उतारावर रिम किसली जाते. चकती चिखलापासून निदान वीतभर वर असते. आरे-वारेच्या उतारावर समोर समुद्र बघावा की वळण, या पेचात असताना ती वीत फार मोलाची वाटते.

खरा घोळ नव्या ब्रेकच्या निवडीचा. तेलाच्या दाबाने चालणारा हायड्रॉलिक की तारेने ओढला जाणारा केबलचा? हायड्रॉलिकचं दाबणं लोण्यासारखं, बोटं दुखत नाहीत, पॅड झिजतील तसे ते आपोआप पुढे सरकतात. पण आत तेल आलं, आणि त्यातही दोन जाती. खनिज तेल पाणी पीत नाही. डॉट तेल हवेतला दमट ओलावा हळूहळू पितं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो: डॉट ४ या प्रतीचा कोरडा असताना किमान २३० अंश, ओलावा मुरल्यावर १५५. आमच्या हवेत तर मिठाच्या बरणीलाही पाझर फुटतो! ब्रेक बनवणाऱ्या कंपन्यांपैकी शिमानोचं खनिज, स्रॅमचं बहुतेक डॉट. एकात दुसरं घातलं तर आतली रबरं बिघडतात. आणि माझ्या ओळखीचं भरवशाचं दुकान घाटापलीकडे, कोल्हापुरात. मी केबलचा घेतला. केबल गंजते, मान्य आहे. पण ती मी पडवीत बसून बदलू शकतो. बाहेर केबल नि आत तेल अशी दोन्ही डगरींवर हात ठेवणारीही एक जात आहे, तिच्या वाटेला गेलो नाही.

एक मात्र पाहून घेतलं: दोन्ही पॅड सरकणारा कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा चिमटा. स्वस्तातल्यांत एकच पॅड सरकतो आणि चकतीला वाकवून पलीकडच्यावर दाबतो. चकत्या १६० मिलिमीटरच्या. पॅड सिंटर्ड, धातूचे, कारण रेझिनचे आमच्या चिखलात खडूसारखे झिजतात. त्यासाठी चकतीही बदलावी लागली. जुन्या स्वस्त चकतीवर ‘फक्त रेझिन पॅड’ असं बारीक इंग्रजीत कोरलेलं होतं, ते मी वर्षभर वाचलंच नव्हतं.

लावायची कृती सोपी, वेळखाऊ. कॅलिपरचे दोन्ही बोल्ट सैल करायचे, लिव्हर दाबून रबरबँडने बांधून ठेवायचा, मग दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे पिळायचे. एकच आवळून टाकला की कॅलिपर रुसल्यासारखा वाकडा बसतो. मग चाक फिरवायचं आणि मागे पांढरा कागद धरून डोळा लावायचा. चकतीच्या दोन्ही अंगांना उजेडाची सारखी फट दिसली पाहिजे, केसाएवढी. त्या फटीपायी माझी एक अख्खी दुपार गेली. आईने तीनदा जेवायला हाक मारली.

एवढं होऊनही नवे पॅड लगेच धरत नाहीत. सड्यावरच्या मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, पूर्ण न थांबता चालण्याइतका कमी करायचा, पुन्हा वेग. असं वीसेक वेळा केलं की पॅडचा पातळ थर चकतीवर बसतो नि पकड येते. गुरं राखणारे एक काका माझं हे पळणं-अडणं बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, “काय रे, घरी जायचं धैर्य होत नाही काय?”

यंदा मे महिन्यात आई पुन्हा फडकं घेऊन आली. चकतीपाशी थबकली, हात मागे घेतला. “ह्याचं सोवळं ना?” म्हणाली आणि शेजारच्या कोयतीकडे वळली. पहिल्या पावसात मी भिजत घरी आलो तेव्हा ओले सिंटर्ड पॅड असे किंचाळले की वाडीतली कुत्री उठली. आई ओटीवर उभीच होती.

“एवढा रडतोय तो,” म्हणाली. “थेंबभर तरी लावू दे.”