सोयाबीनच्या रानात उतरलेलं विमान

वाळवा तालुक्यात, पेठ नाक्याच्या अलीकडे, एक सेसना १५२, म्हणजे शिकाऊ वैमानिकांचं छोटं दोन आसनी विमान, सोयाबीनच्या रानात उतरलं असा फोन मला सकाळी दहाच्या सुमाराला आला. मी विमानांच्या देखभालीचा इंजिनिअर, आमच्यात एएमई म्हणतात. राहायला कराडला. विमान बाहेरच्या जिल्ह्यातल्या एका प्रशिक्षण संस्थेचं होतं, त्यांची माणसं पोहोचायला दुपार टळणार होती, म्हणून जवळचा म्हणून मला आधी गाठलं. मी पहिल्यांदा ते चालवणाऱ्या शिकाऊ पोराची चौकशी केली. एकटाच होता, सोलो क्रॉसकंट्रीवर, म्हणजे प्रशिक्षकाशिवाय लांबच्या उड्डाणावर. "चालत बाहेर आलाय," पलीकडून सांगितलं. मग मी गाडी काढली.

सप्टेंबर संपत आला होता. रात्री पाऊस पडून गेलेला, सकाळी उघडीप, पण हवेत ओल इतकी की हायवेवर गाडीची काच सारखी पुसावी लागत होती. मच्छिंद्रगडाच्या बाजूला ढग अगदी खाली आले होते. ही हवा मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे सगळं तिच्यावरच येऊन थांबलं.

रान कापून झालेलं होतं. एका बाजूला उभा ऊस, दुसऱ्या बाजूला विजेची लाइन. विमान बांधाला अडकून पुढे झुकलेलं, पुढचं चाक मोडून पोटाखाली गेलेलं. पंख शाबूत. गावातली शंभर-दीडशे माणसं जमलेली आणि दोन पोलीस त्यांना मागे सारत होते. अशा वेळी नियम स्पष्ट आहे: माणूस बाहेर काढायचा, आग लागणार नाही एवढं बघायचं, बाकी तपास अधिकाऱ्यांची परवानगी येईपर्यंत काही हलवायचं नाही. पोरानं थांबल्या थांबल्या पेट्रोलचा नळ, मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारं यंत्र) आणि विजेचा मास्टर स्विच बंद केले होते. मी फक्त डोळ्यांनी बघत फिरलो आणि फोटो काढले.

नाकावरच्या पंख्याचं, म्हणजे प्रोपेलरचं, एक पातं मागे वाकलं होतं, दुसरं सरळच्या सरळ. ज्या इंजिनात जोर असतो त्याचा पंखा जमिनीला लागला की दोन्ही पाती पिळवटतात, टोकं पुढच्या बाजूला वळतात. इथं तसं काही नव्हतं. म्हणजे टेकताना इंजिन ताकद देत नव्हतं.

रानाचे मालक माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "साहेब, मशिनच गंडलं असणार बघा. आधी फटफट केलं, मग आवाजच गेला."

ते कानांनी ऐकलेलं अगदी बरोबर सांगत होते. पण मशिन गंडलं हे आपण सगळेच फार लवकर ठरवतो. विमान जुनं दिसतं, रंग उडालेला असतो, आणि सेसनानं १५२ बनवणं तर १९८५ मध्येच थांबवलं, त्यामुळे आज उडणारं प्रत्येक १५२ चाळिशीच्या घरातलं किंवा पुढचं. तरीसुद्धा लहान, एक इंजिनच्या विमानांच्या अपघातांत ढोबळमानानं चारातल्या तीन अपघातांचं मूळ वैमानिकाच्या निर्णयात किंवा हाताळणीत सापडतं. नुसत्या यांत्रिक बिघाडाचे त्या मानानं कमी. हे मी इंजिनिअर म्हणून हात झटकायला सांगत नाही. आमच्याकडून राहिलेला एक सैल नटसुद्धा जीव घेऊ शकतो, आणि आम्ही त्याच धास्तीनं काम करतो. पण कारण चुकीच्या जागी शोधलं तर पुढचं पोर वाचत नाही.

इंजिन हवेत थांबलं की मी पहिल्यांदा पेट्रोलकडे बघतो. जगभर याचीच उदाहरणं सगळ्यात जास्त: टाकी रिकामी होईपर्यंत उडत राहणं, टाकीत असून नळ चुकीच्या जागी असणं, पेट्रोलमध्ये पाणी. पावसात उघड्यावर उभ्या विमानाच्या टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालेलं असेल तर पाणी आत झिरपतं आणि जड म्हणून तळाशी बसतं. या विमानांना लागणारं एव्हगॅस निळसर असतं. नमुन्याच्या नळीत पाणी असेल तर तळाला वेगळं बिनरंगी दिसतं. परवानगी आल्यावर आम्ही दोन्ही पंखांतून नमुना घेतला. नळीभर स्वच्छ निळं. पेट्रोल डब्यांत काढलं तेव्हा साठ लिटरच्या वर भरलं. १५२ तासाला साधारण बावीस-तेवीस लिटर पितं. म्हणजे अजून अडीच तास तरी उडता आलं असतं. पेट्रोलचा प्रश्न तिथंच मिटला.

कॉकपिटमध्ये डोकावून बघताना आणखी एक गोष्ट दिसली होती. थ्रॉटल म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा; त्याच्या डावीकडे कार्बुरेटर हीटचा नॉब असतो. कार्बुरेटरमध्ये पेट्रोल आणि हवा मिसळतात, आणि या नॉबनं त्यात गरम हवा सोडतात. तो पूर्ण आत होता, म्हणजे बंद.

पोरगा वस्तीवरच्या पडवीत बाजेवर बसला होता. घरातल्या आज्जींनी त्याला चहा दिला होता, भरपूर साखर घालून, आणि त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. कपाळाला थोडं खरचटलेलं. मी तपास अधिकारी नव्हतो, त्यामुळे जबाब घ्यायचा प्रश्नच नव्हता. शेजारी बसलो, तर तो आपणहून बोलायला लागला.

"सर, पुढे ढग खाली दिसले म्हणून पॉवर कमी करून खाली येत होतो. आरपीएम आपोआप उतरायला लागले. थोडं थ्रॉटल वाढवलं, परत उतरले. मग कार्ब हीट ओढली, तर इंजिन अजूनच खडखडायला लागलं. मला वाटलं मीच काहीतरी बिघडवलं, म्हणून परत आत ढकलली."

मी काही क्षण बोललोच नाही. सगळं त्या तीन-चार वाक्यांत होतं. (आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे.)

माठातलं पाणी बाहेर झिरपून वाळतं म्हणून आतलं गार होतं. कार्बुरेटरमध्ये तेच घडतं, फक्त फार जोरात. पेट्रोलची वाफ होताना आणि अरुंद गळ्यातून जाताना हवेचं तापमान वीस अंशांनी, कधी त्याहूनही जास्त, खाली येतं. हवा दमट असेल तर त्या ओलीचा बर्फ थ्रॉटलच्या झडपेभोवती धरतो. बाहेर तीस अंश असले तरी धरू शकतो, हे नव्या पोरांना पटतच नाही. सांगली-साताऱ्यात बर्फ कुठला, असं त्यांना वाटतं. पॉवर कमी केली की झडप जवळजवळ मिटलेली असते, राहिलेल्या फटीत जरासा बर्फसुद्धा पुरतो. म्हणून दमट हवेत पॉवर कमी करायच्या आधी कार्ब हीट ओढायची. त्यानं एक्झॉस्टभोवतीची गरम हवा आत येते आणि बर्फ वितळतो.

पण वितळलेलं पाणी जातं कुठं? इंजिनातच. म्हणून पहिले काही सेकंद इंजिन जास्त खडखडतं, गचके देतं, आता बंदच पडणार असं वाटतं. तेवढी कळ सोसली की आरपीएम पुन्हा चढतात. पोरानं नेमक्या त्याच सेकंदांत नॉब आत ढकलला. पुस्तकात हे लिहिलेलं असतं, वर्गात सांगितलेलंही असतं. पण हवेत एकट्यानं तो खडखडाट ऐकताना हात आपोआप मागे जातो. मला त्याचा राग आला नाही.

त्यानंतरच्या दोन मिनिटांत त्यानं जे केलं त्याचं मात्र मला आजही कौतुक वाटतं. जमिनीपासून तो हजारेक फुटांवर होता. एवढ्या उंचीवरून १५२, वारा नसेल तर, पावणेतीन किलोमीटरच्या आसपास तरंगत जातं. तेही नाक खाली ठेवून साठ नॉटचा, म्हणजे ताशी साधारण एकशे दहा किलोमीटरचा, वेग राखला तरच. पुढे कालव्यापलीकडे मोठं, सपाट रान होतं. "तिथं जावंसं वाटत होतं सर. पण ते रान काचेत वर वर सरकत होतं." कुठल्यातरी प्रशिक्षकानं त्याला हे नीट शिकवलं होतं: उतरायची जागा समोरच्या काचेत वर सरकत असेल तर तुम्ही तिथं पोहोचत नाही. पोहोचण्यासाठी नाक वर ओढायचा मोह होतो आणि तिथंच घात होतो. वेग पडतो, पंखांवरचा उचल देणारा प्रवाह तुटतो (याला स्टॉल म्हणतात), विमान एका बाजूला कलंडून सरळ खाली येतं. ते सावरायला जी उंची लागते ती हाताशी उरलेली नसते.

लहान विमानांच्या जीवघेण्या अपघातांत असा ताबा सुटण्याचा वाटा सगळ्यात मोठा आहे, आणि त्यातले कितीतरी इंजिन ठणठणीत असताना होतात. धावपट्टीकडे शेवटचं वळण घेताना धावपट्टी मागे पडतेय असं दिसतं, माणूस वळण आवळतो. उंची राखून ४५ अंश कललेलं विमान स्टॉल होण्याचा वेग सरळ उड्डाणापेक्षा १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांवर ४१ टक्क्यांनी. वेगाचा काटा आहे तिथंच असतो, सुरक्षिततेची जागा मात्र संपलेली असते. उड्डाण घेतल्या घेतल्या इंजिन गेलं तर धावपट्टीकडे मागे वळायचा मोहही असाच माणसं खातो.

या पोरानं मोठं रान सोडलं, हायवे सोडला, विजेचे खांब बघून लाइनच्या अलीकडचं रान धरलं. दार आधीच उघडून ठेवलं, म्हणजे चौकट वाकली तरी अडकू नये. पंख सपाट ठेवून, वेग राखून टेकला. बांधानं चाक घेतलं, एवढंच.

मला आणखी एका गोष्टीचं बरं वाटलं. तो ढगात शिरला नाही. १९५४ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्या वीस जणांना नकली ढगात उडायला लावलं होतं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. आपल्याकडे पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुशीत ढग किती पटकन मिटतात, हे कोयनेकडच्या माणसाला सांगायला नको. त्या सकाळी तो मागे फिरला असता तर सगळ्यात उत्तम. पण वर ढग आणि खाली डोंगर यांच्यामध्ये त्यानं स्वतःला अडकवलं नाही, हेही थोडं नव्हे.

दुसऱ्या दिवशी पंख उतरवून विमान ट्रेलरवर चढवलं. फुटलेल्या बांधाचा पंचनामा तलाठ्यांनी केला; भरपाई संस्थेनं दिली. पंखा जमिनीला लागला होता म्हणून इंजिन पूर्ण उघडावं लागलं. त्या कामात मीही होतो. क्रँकशाफ्ट, व्हॉल्व्ह, प्लग सगळं तपासलं, मॅग्नेटो आणि कार्बुरेटर बेंचवर लावून बघितले. कशातही खोट निघाली नाही. बर्फ आम्ही रानात पोहोचायच्या कितीतरी आधी वितळून गेला होता. मागे उरलं होतं ते पोराचं प्रामाणिक बोलणं, त्या सकाळची हवा आणि आत ढकललेला नॉब. त्यानं घाबरून "इंजिन आपोआप बंद पडलं" एवढंच सांगितलं असतं, तर कदाचित आम्ही महिनाभर कार्बुरेटर उघडत बसलो असतो.

तेव्हापासून शिकाऊ मुलं हँगरमध्ये आली की मी त्यांना रनअपच्या, म्हणजे उड्डाणाआधी जमिनीवर इंजिन तपासायच्या, वेळी कार्ब हीट ओढून लगेच आत ढकलू देत नाही. ओढायची आणि चांगले दहा सेकंद धरायची. गरम हवा विरळ असते, त्यामुळे आरपीएम थोडे उतरतात. उतरून तिथंच राहिले तर ठीक. पण आधी उतरून मग हळूहळू वर चढायला लागले, तर जमिनीवर असतानाच आत बर्फ धरला होता. मग पूर्ण साफ होईपर्यंत थांबायचं, मागे रांगेत कितीही विमानं उभी असोत. दमट सकाळ मिळाली की मी मुद्दाम इंजिन मंद ठेवून बर्फ धरू देतो, आणि तो खडखडाट प्रत्येकाला स्वतःच्या कानांनी ऐकवतो, हात नॉबवर ठेवून.