काव्यरत्नावली चौकातली संध्याकाळ

आज जळगाव नुसतं भट्टीसारखं तापलं होतं. ऊन कलल्यावर आईला घेऊन काव्यरत्नावली चौकातल्या भाऊंच्या उद्यानात गेलो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली. बाकावर एक मावशी बसल्या होत्या. ओळख ना पाळख, पण पदराच्या गाठीतले भाजलेले शेंगदाणे त्यांनी आईच्या ओंजळीत घातले. "खाय व माय." दहा मिनिटांत दोघी गप्पांत कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीपर्यंत पोचल्या! आईला इतकं मोकळं हसताना मी दोन महिन्यांत पाहिलं नव्हतं.

भाऊ म्हणजे भवरलाल जैन, ठिबक सिंचन शेतकऱ्याच्या बांधावर नेणारे. आणि हा चौक? १८८७ साली नारायण नरसिंह फडणीसांनी जळगावातूनच 'काव्यरत्नावली' हे कवितेला वाहिलेलं मासिक सुरू केलं, त्याचं नाव चौकाला आहे. त्याच जळगावात पुढे बहिणाबाई जात्यावर ओव्या रचत होत्या, अक्षरओळख नसताना. चौकाला कवितेचं नाव देणाऱ्या या गावाचा मला फार अभिमान वाटतो.

अशा जागा जपा रे भो. पोरांना मोबाईल सोडून इथे आणा.

निघताना मावशींनी आईला विचारलं, "उद्या येशी ना?" आई आत्ताच चपला दाराशी काढून ठेवतेय.