खोक्यातला बॉलनट

नागपूरच्या लकडगंजातल्या कारखान्यात मालकाने आधी गार पाणी दिलं, मग सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणाऱ्या यंत्रावर, काढलेलं सागवानी पॅनेल दाखवलं. त्यावर गणपती कोरलेला, पण वरून खाली येता येता सगळी नक्षी यंत्राच्या वाय अक्षाच्या दिशेने तिरपी झालेली. सोंड मुळातच वाकडी, त्यामुळे दोन पॅनेलं वाया जाईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.

"भाऊ, स्क्रीनवर झिरो दिसून राह्यलं अन् टूल दोन मिलिमीटर बाजूला. काहून?"

मे महिना, त्यामुळे मालकाच्या भाच्याने खापर उन्हावर फोडलं होतं. मी तरी कुठे शहाणा! आठवड्यापूर्वी फोनवर ऐटीत सांगून बसलो होतो: बॅकलॅश आहे, म्हणजे स्क्रू आणि नटात ढिलाई आहे, स्क्रूवर फिरणारा बॉलनट नवा मागवा. नट आला होता, खोकं कपाटावर.

मोटर मागे पडल्याचा इशारा, म्हणजे फॉलोइंग एरर, आला असता तर काम सोपं होतं. पण ही एकेक पाऊल (स्टेप) टाकणारी स्टेपर मोटर, आणि तिची जागा उलट कळवणारा एन्कोडर नाही. यंत्र चालवणाऱ्या लिनक्ससीएनसी या सॉफ्टवेअरला कळतं ते फक्त संगणकातल्या कार्डाने मोटरकडे किती पल्स सोडल्या एवढंच, एका पल्सला एक स्टेप. मोटर प्रत्यक्षात कुठे उभी आहे याचा त्याला पत्ता नसतो.

शतांश मिलिमीटर दाखवणारं काट्याचं डायल गेज लावलं. बॅकलॅश 0.02, म्हणजे काहीच नाही. मग वाय 50 मिलिमीटर पुढे-मागे, 80 वेळा. काटा 50 घरं सरकला, अर्धा मिलिमीटर. वेग निम्मा केला, ॲक्सिलरेशन उतरवलं. पुन्हा बरोबर 50! मोटर दमून स्टेप सोडत असती तर आकडा बदलला असता. ही चूक शिस्तीत होत होती.

तिथेच कागद काढला. फेरीला 0.00625 मिलिमीटर. 200 स्टेपची मोटर, प्रत्येक स्टेपचे 8 तुकडे (मायक्रोस्टेप), एका फेऱ्यात 5 मिलिमीटर सरकवणारा स्क्रू: मिलिमीटरला 320 स्टेप. एक स्टेप 0.003125. म्हणजे फेरीला नेमक्या दोन! दिशा उलटताना पहिली स्टेप जुन्याच दिशेला पडत होती (एक हुकली, एक उलटी पडली, म्हणून दोन), तेही दोनपैकी एकाच वळणावर. मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हरमध्ये सिग्नल प्रकाशाने पलीकडे नेणारा ऑप्टो असतो; तो चालू पटकन होतो, बंद व्हायला रेंगाळतो, म्हणून एकाच बाजूला दिशेचा सिग्नल उशिरा पोचतो. गणपतीला 600 ओळी, 300 फेऱ्या, म्हणजे जवळपास दोन मिलिमीटर. हिशेब जुळला. सरळ कटिंगला दिशा उलटते कितीदा? म्हणून ती कामं ठीक निघत होती.

"वायचा ड्रायव्हर बदलला का?"

भाचा म्हणाला, महिन्याभरापूर्वी. सेटिंगही केली, पत्रक वाचून. पत्रकात डायरेक्शन सेटअप, म्हणजे दिशा बदलल्यावर पुढच्या पल्सआधी थांबायचा वेळ, 5 मायक्रोसेकंद. लिनक्ससीएनसीच्या सेटिंगच्या फाईलमध्ये त्याने 5 टाकलेले. फाईल नॅनोसेकंदात मोजते. पोराने निदान पत्रक वाचलं, आमच्या धंद्यातले निम्मे लोक तेवढंही करत नाहीत.

5000 केलं, पुन्हा 80 फेऱ्या. काटा निघाला तिथेच येऊन थांबला.

बॅकलॅश साठत जात नाही, हे मी दहा जणांना शिकवलंय. फोनवर "काम जितकं लांब तितकी चूक जास्त" असं मालक दोनदा म्हणाले होते. मी ऐकलंच नाही.

निघताना त्यांनी खोकं पुढे केलं. "हे आता परत घेत नाही म्हणते दुकानवाला." मी व्हिजिटचे पैसे घेतले नाहीत. नटाची किंमत त्याच्या तिप्पट आहे.