अधिक महिना आणि घुसवलेली ओवी

इंटरकॅलेट आणि इंटरपोलेट. डिक्शनरीत बघाल तर दोन्हींपुढे जवळपास एकच लिहिलेलं असतं, मध्ये घालणे. भाचीची जीआरईची तयारी चालूये, ती वैतागून म्हणाली, मामा, एकच आहे तर दोन शब्द कशाला? एकच नाहीये ना पण!

पहिला शब्द मुळात कॅलेंडरचा. चांद्र वर्ष 354 दिवसांचं, सौर 365 चं, दरवर्षी 11 दिवस मागे पडतात, ते तसंच सोडलं तर काही वर्षांत दिवाळी ऐन पावसाळ्यात येईल, म्हणून साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अख्खा महिना जास्तीचा घालतात. तोही मनाला येईल तिथे नाही हं, ज्या चांद्र महिन्यात सूर्याची संक्रांत (म्हणजे सूर्याचं नव्या राशीत जाणं) पडत नाही तोच अधिक. 2023 ला श्रावण होता, 2026 ला ज्येष्ठ. आणि सगळं उघड, नावातच अधिक, नाशिकच्या रामकुंडावर स्नानाला गर्दी, जावयाला 33 अनारशांचं वाण (आमच्याकडे हल्ली विकतचे येतात, चालतंय). लॅटिनमध्येही या शब्दाच्या पोटात पुकारणं आहे. अर्थात रोमचे पुजारी आपल्या माणसाची पदावरची मुदत लांबवायला पण महिना घालायचे, आणि शेवटी तो घोळ निस्तरायला सीझरला इ.स.पू. 46 चं वर्ष 445 दिवसांचं करावं लागलं.

केमिस्ट्रीवाल्यांनी हाच शब्द उचलला. फोन चार्जिंगला लावला की लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात, थर जरा फाकतात, मोडत नाहीत, आणि फोन वापरला की आयन परत बाहेर.

इंटरपोलेटची जात वेगळी. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ डागडुजी करून नव्यासारखं करणं. पोथीत कोणीतरी मागाहून ओवी घालतो आणि ती मूळचीच म्हणून खपते, ते आपलं प्रक्षिप्त. ज्ञानेश्वरीत असे अपपाठ शिरले होते म्हणून एकनाथांनी शके 1506 ला, म्हणजे 1584 साली, ती शुद्ध केली आणि वर दमच भरला, की यात कोणी आपली ओवी घालेल तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असं समजा.

गणितात मात्र हाच शब्द एकदम सभ्य. गंगापूर धरणाची सकाळी आठची पातळी माहितीये, दुपारी बाराची माहितीये, मग दहाची मधून काढायची. किंवा फोनवर डिजिटल झूम करून पांडवलेणीचा फोटो काढा, मधले पिक्सेल सॉफ्टवेअरने आजूबाजूचं बघून भरलेले. यात लबाडी काही नाही, फक्त मोजलेलं कुठलं आणि भरलेलं कुठलं ते सांगायला पाहिजे, पावसाळ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर विसर्गाचे आकडे फिरतात तेव्हा ते कोण सांगतं म्हणा!

मग 29 फेब्रुवारी? इंटरकॅलेट. आणि मीटर न बघता सरासरीने आलेलं लाइटबिल? ते इंटरपोलेटसुद्धा नाही हो, त्याला पुढचं रीडिंग हातात लागतं. मागच्यावरून पुढचं ठोकून देतात ते एक्स्ट्रापोलेट, आणि ते भरावं लागतं.